दर दिवाळीच्या तोंडावर येणारं दुखणं

मी एसटीत कंडक्टर आहे. बोलायला घाबरणं हा माझा स्वभाव नाही. दारात लटकणाऱ्या कॉलेजच्या पोरांना मी एका हाकेत आत घेते, आणि बायकांच्या सीटवर पाय पसरून बसलेल्या पुढाऱ्यालाही उठवते. डेपोत माझ्यामागं मला 'तोफ' म्हणतात, ते मला माहीत आहे. तरी एक गोष्ट तोंडातून काढायला या तोफेला सव्वीस वर्षं लागली.

हे लिहितेय ते कुणी वाचून 'अरेरे, बिचारी' म्हणावं म्हणून नाही. दवाखान्यात एकदा माझ्या शेजारी एक बाई बसली होती. तिनं विचारलं, "ताई, तुमाला काय झालंय?" मी म्हणाले, "पित्त." ती म्हणाली, "मला बी पित्तच." आम्ही दोघी मानसोपचाराच्या खोलीबाहेर बसलो होतो. दारावर पाटी होती, दोघींनाही वाचता येत होतं. त्या बाईसाठी लिहितेय.

वडवणीच्या पुढं

मागच्या साली दसरा होऊन आठेक दिवस झाले होते. माजलगावहून बीडला जाणारी सकाळची गाडी, वडवणीच्या पुढं खच्चून भरलेली. मी तिकिटं देत मागं सरकत होते. एका आजोबांच्या खांद्यावर कोरा टॉवेल होता आणि डोक्याला कोरी टोपी. आमच्याकडं कुणाचा मान करायचा, उपकार फेडायचे, तर टॉवेल-टोपी देतात. लग्न असो, सत्कार असो, टॉवेल-टोपीशिवाय माणूस दारातून जात नाही. आजोबा असाच कुठलातरी मान घेऊन निघाले होते.

गाडी खड्ड्यात आदळली आणि तो टॉवेल माझ्या तोंडावर आला. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास नाकात गेला. बस, एवढंच झालं.

छातीत कुणीतरी मूठ आवळली. हातांना मुंग्या आल्या, गाडीचा आवाज कानात यायचा बंद झाला, आणि मी दोन सीटच्या मध्ये खालीच बसले. मला वाटलं, आपण मेलो. लेकीची, सईची, वेणीची रिबीन सकाळी सापडत नव्हती, तेवढंच डोक्यात आलं.

आमचे ड्रायव्हर शेखमामा. बारा वर्षं एका गाडीवर काढलीत आम्ही. त्यांनी मध्ये कुठंही गाडी थांबवली नाही, थेट बीडला दवाखान्याच्या दारात नेऊन लावली. एका म्हाताऱ्याला घाटसावळीला उतरायचं होतं, तो लागला ओरडायला. मामा म्हणाले, "चुप बैठो चचा. पहले बच्ची, बाद में घाटसावळी." छत्तीस वर्षांच्या बाईला बच्ची म्हणाले! त्या अवस्थेतही मला ते बरं वाटलं.

कार्डिओग्राम काढला. तरुण डॉक्टर म्हणाला, "हार्ट एकदम ठणठणीत आहे. टेन्शन घेऊ नका." आता टेन्शन काय मी दुकानात जाऊन घेते होय?

पित्त, थायरॉईड, नजर

त्यानंतर पंधरा दिवसांत तीनदा तसंच झालं. थायरॉईड तपासला, रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली. सगळे कागद चांगले आणि मी वाईट. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या तशा म्हणाल्या, "बघ, केवडी नजर लागलीया." मी हसले. त्यांच्या जिवाला काळजी होती म्हणून करत होत्या, मला राग आला नाही.

राग यायचा तो लोकांचा. कुणी म्हणे, ड्युटी टाळायला नाटक करते. कुणी म्हणे, नवऱ्याचं बाहेर काही असेल. आमचे मालक वायरमन आहेत, दिवसभर खांबावर चढून असतात. त्यांचं बाहेर काय असणार, कावळे?

शेवटी दवाखान्यातल्याच एका नर्सबाईनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "चार नंबरच्या खोलीत एकदा जाऊन या. कुणाला सांगू नका, हवं तर पित्त सांगा." तर ते पित्त तिथून आलं.

चार नंबरची खोली

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. पायात कापडी बूट, टेबलावर अर्धी खाल्लेली पोळी. मी उभ्याउभ्याच विचारलं, "मी काय येडी हाय का?"

त्या म्हणाल्या, "ते मला अजून माहीत नाही. बसा तर खरं."

मला ती बाई आवडली.

त्यांनी विचारलं, त्रास कधी होतो. मी म्हणाले, "कधी बी." मग म्हणाल्या, आधीच्या सालांत आजारपणाची रजा कधी कधी घेतली ते आठवा. मी आठवायला लागले. त्याच्या आधीच्या साली पाठ धरली होती, दसऱ्यानंतर. त्याआधी ताप, दिवाळीच्या चार दिवस आधी. त्याआधी उलट्या. लग्नाच्या पहिल्या दिवाळीला तर मी माहेरी जायच्या गाडीत बसले आणि चक्कर येऊन पडले होते. बोटावर मोजत गेले आणि माझंच बोट थांबलं. दर साली तेच दिवस. एवढी हुशार मी, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"लहानपणी या दिवसांत घरी काय असायचं?"

"काही न्हाई. आई-बाप ऊस तोडायला जायचे. आमच्या सगळ्या गावाचंच ते हाय, सहा महिने."

"आणि तुम्ही कुठं असायच्या?"

"तात्याकडं."

मी म्हणाले, "माझी गाडीची येळ झाली," आणि उठले. त्या दिवशी माझी रजा होती.

डॉक्टरीणबाईंनी अडवलं नाही. फक्त म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी माझ्याकडं गर्दी नसते."

तात्या

पुढच्या गुरुवारी गेले आणि सांगितलं.

नेकनूरच्या बाजूला आमचं गाव. ऊसतोडीची टोळी निघाली की गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं मागं राहतात. बारक्या भावाला, बाळूला, माझी माय पाठीवर घेऊन जायची. मी शाळेत हुशार होते, म्हणून मला वडिलांच्या चुलतभावाकडं ठेवलं. तेच तात्या. गावात त्यांचा शब्द चालायचा, भांडण मिटवायला त्यांनाच बोलवायचे. मी नऊ वर्षांची होते आणि मग दहा. दोन हंगाम. त्या माणसानं माझ्याशी जे करू नये ते केलं. त्यापेक्षा जास्त मी इथं लिहिणार नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं, आणि ज्याला तपशील हवेत त्यानं हे मिटून ठेवावं.

टोळी परत आली की माझे वडील तात्याला टॉवेल-टोपी करायचे. लेकरू सांभाळलं ना सहा महिने! आणि ज्या लेकराला सांभाळलं त्याच्याच हातानं द्यायची पद्धत. मी कुंकू लावायचं, मी टॉवेल खांद्यावर टाकायचा, मी पाया पडायचं. माय कौतुकानं बघत उभी असायची. दोनदा केलं मी ते. पुढच्या साली माजलगावच्या मावशीनं मला शिकायला नेलं आणि मी सुटले.

लोक विचारतात, एवढी मोठी गोष्ट विसरते का माणूस? मी विसरले नव्हते. पत्र्याच्या पेटीत तळाला कपडा टाकावा आणि वर संसार भरत जावा, तसं झालं होतं. पेटी उघडायचे रोज, तळापर्यंत कधी हात घातला नाही. पण अंगाला सगळं पाठ होतं. अंग दर साली दसरा झाला की त्या घरी परत जायचं.

गुरुवार

बरं होणं म्हणजे काय, ते खरं सांगते. पहिले दोन महिने मी जास्त आजारी पडले. गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं. सईनं मागून मिठी मारली तर मी तिला ढकललं एकदा, आणि नंतर मोरीत जाऊन रडले. एका प्रवाशाला नको ते बोलले, त्यानं तक्रार केली. मग मी दवाखान्यात जायचंच सोडलं. म्हटलं, गाडलेलं उकरून काय मिळतंय? तीन आठवडे गेले नाही. चौथ्या गुरुवारी गेले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या. चहा सांगू?" तीन आठवडे कुठं होता, हे त्यांनी विचारलं नाही.

काही गोष्टी मला अजून आठवत नाहीत. मधले कितीतरी दिवस कोरेच आहेत. मी म्हणाले, काढा ना आठवून, तुम्ही डॉक्टर आहात. त्या म्हणाल्या, "नाही. जे आठवतं तेवढ्यावर बरं होता येतं. जे नाही ते मुद्दाम खणायचं नाही." मला मोठा आधार वाटला त्याचा.

दम अडकला की पाय जमिनीला टेकवायचे आणि समोर दिसतं त्याची नावं घ्यायची, असं त्यांनी शिकवलं. मला ते जमेना. मग मी माझं काढलं. मनात थांबे म्हणायचे: माजलगाव, तेलगाव, वडवणी, घाटसावळी. घाटसावळीपर्यंत बहुतेक दम परत येतो. शेखमामांना एवढंच सांगितलं होतं की मला त्रास होतो. आता माझा चेहरा उतरला की ते आरशातून बघतात आणि मोठ्यानं विचारतात, "मॅडम, अगला स्टॉप?" प्रवाशांना वाटतं, ड्रायव्हर नवीन आहे.

आमचे मालक

नवऱ्याला सांगायला सगळ्यात जास्त भ्याले. जेवणं झाल्यावर एका दमात सांगून टाकलं. ते म्हणाले, "मग तू इतकी वर्सं सांगितलं कावून न्हाई?"

चुकीचाच प्रश्न. असं सांगणाऱ्याला हा प्रश्न कधी विचारू नका. मला वाटलं, आता यांना मी घाण वाटणार. चार दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत, खाली मान घालून डबा घेऊन जायचे. पाचव्या दिवशी गुरुवार होता. मी निघाले तर हे मोटारसायकल पुसत उभे. "सोडतो," म्हणाले. दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले दोन तास. येताना मागं न बघता बोलले, "मला काय बोलावं कळंना गेलं. तू घाण न्हाईस. मला तेवडं सांगायचं व्हतं." मी त्यांच्या पाठीला डोकं टेकलं आणि बीडपासून वडवणीपर्यंत रडले.

तेव्हापासून ते खोलीत यायच्या आधी दाराबाहेर खोकतात. मी दचकू नये म्हणून. सासूबाई म्हणतात, याचा खोकला दाखवून आण की एकदा. आम्ही दोघं हसतो.

मायचा फोन

औंदा दसरा आला तसं मी जपूनच होते. त्रास झाला, पण उभी राहिले. औंदा टोळीही उशिरा, दिवाळीनंतर निघणार होती; निघायच्या आदल्या दिवशी मायचा फोन आला. वडील आता नाहीत. बाळू आणि त्याची बायको शोभा तोडीला जातात, माय त्यांचं दीड वर्षाचं बाळ सांभाळायला सोबत जाते. थोरली पूजा चौथीत आहे, नऊ वर्षांची. आतापर्यंत ती शोभाच्या माहेरी राहायची.

माय म्हणाली, "शोभाची माय वारली न्हवं का? पूजीला तात्याकडं ठेवायचं ठरलंय. उद्या येतीस ना? येताना माजलगावहून एक चांगली टॉवेल-टोपी आण. लेकरू ठेवायचं तर आधी मान करावा म्हणते मी."

मी "बरं" म्हणाले. आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणावं? "बरं" म्हणाले, फोन ठेवला, कापडाच्या दुकानात गेले आणि टॉवेल-टोपी मागितली. दुकानदारानं विचारलं, "भारीतला दाखवू?" मी म्हणाले, "दाखवा." त्यानं घडी मोडली, वास आला, आणि मग मला कळलं मी काय विकत घेतेय. मी तशीच बाहेर आले. तो मागून हाका मारत होता.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हे थांबवलंच पाहिजे. तुमच्याच्यानं नाही झालं तर मला सांगा, मी बघते. पण लेकरू त्या घरात जाता कामा नये."

मी म्हणाले, "मी सांगते. मीच सांगते."

गावात

सकाळच्या पहिल्या गाडीनं गेले. पूजा शाळेत होती. अंगणात ट्रकात चढवायची गाठोडी, आणि एका बाजूला पूजाची वेगळी पेटी.

मी बाळूला म्हणाले, "पूजाला माझ्याकडं दे."

"तुझी ड्युटी, तूच आजारी. आन् गावातली शाळा चांगली चाललीय तिची. तात्या हाय की इथं."

माय म्हणाली, "तुला न्हाई का सांभाळलं त्यानं दोन वर्सं? काय कमी केलं?"

मी सांगितलं. उभ्यानं, अंगणात, चार वाक्यांत. शोभाच्या हातातलं गाठोडं खाली पडलं. बाळू लालबुंद झाला आणि माझ्यावरच ओरडला, "अक्का, काय बोलती तू? लई मोठा माणूस हाय तो!" माय माझ्याजवळ आली. मग म्हणाली, "त्या डॉक्टरनीनं भरवलं का हे तुझ्या डोक्यात?"

हे सगळ्यात वाईट होतं. ते मी अजून विसरलेले नाही, आणि लपवणारही नाही. तुम्ही सांगाल तेव्हा तुमचंच माणूस पहिल्यांदा असं म्हणेल कदाचित. तुम्ही खोटं बोलताय असा त्याचा अर्थ नसतो.

तेवढ्यात दारात तात्याच आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी. "कुठाय आमची पाव्हणी? पेटी द्या, नेऊन ठिवतो."

माझ्या हातांना मुंग्या आल्या. माजलगाव, तेलगाव, वडवणी, घाटसावळी. मी म्हणाले, "पूजा तुमच्याकडं येणार न्हाई."

"कावून गं?"

"कावून ते तुमाला ठाऊक हाय. सांगू का इथं, सगळ्यांम्होरं?"

तात्यानं माझ्याकडं बघितलं, मग मायकडं. कुणीतरी काही बोलेल म्हणून थोडा थांबला. मग वळला आणि गेला. खोटं असतं तर माणूस भांडला असता, ओरडला असता, गाव गोळा केलं असतं. त्यानं दुसऱ्यांदा 'कावून' विचारलंच नाही. बाळू हे बघत होता. त्यानं पूजाची पेटी उचलली आणि आपल्या घरात नेऊन ठेवली.

शोभा मात्र थांबली नाही. तरातरा शेजारच्या दोन-तीन घरांत गेली, जिथली लेकरं मागं राहणार होती, त्यांच्या आयांना सांगून आली. "वन्सं, तुमचं नाव न्हाई घेतलं म्या. पन सांगितलं. माझं लेकरू वाचलं, त्यांचं काय?" पोलिसांत जायचं का, हे माझं अजून ठरलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, ठरेल तेव्हा सोबत येईन. पण त्या दिवशी शोभानं जे केलं ते मला सव्वीस वर्षांत जमलं नव्हतं.

ट्रक सुरू झाला. बाळाला घेऊन शोभा चढली, बाळू चढला. माय खालीच उभी. ट्रकावरच्या माणसाला म्हणाली, "माझं गठुडं टाक खाली."

मुकादम ओरडला, "म्हातारे, यादीत नाव हाय तुझं!"

"मंग खोड. पूजी माझ्यापाशी ऱ्हाईल."

तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि घराकडं चालायला लागली. मी मागं मागं गेले. घरात येऊन ती चुलीपुढं बसली. चूल पेटवली नाही, नुसती बसली. मीही बसले.

"दुसऱ्या साली तू ट्रकच्या फाळक्याला धरून रडत व्हतीस," ती म्हणाली. "म्या तुझी बोटं सोडवली."

"हो."

"चापट मारली."

"दोन."

"दोन," ती म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं. "कावून रडती, ते इचारलं न्हाई म्या."

"माय, ट्रक निघालता. तुला घाई व्हती."

"गप. माझी बाजू घेऊ नगंस."

बाहेर ट्रकचा आवाज लांब गेला. मायनं माझा हात हातात घेतला आणि एकेक बोट धरून बघत राहिली.

"आता सांग," ती म्हणाली. "मला कुठं जायचं न्हाई."